माळ्यावरचे डबे आणि न दिसलेला चित्रपट

कोकणात चित्रित झालेल्या, पण पडद्यावर फारशा न पोचलेल्या किनारपट्टीच्या छोट्या मराठी-मालवणी चित्रपटांविषयी आलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या काकांनी १९८०च्या दशकात गावातल्याच मंडळींना घेऊन १६ मिमीवर एक चित्रपट काढला. दोन हंगाम शूटिंग चालले, मग पैसे संपले आणि ‘पिच्चर अर्धवट राहिला’ एवढेच आम्ही ऐकत आलो. यंदा गणपतीआधी माळा साफ करताना अकरा गंजके डबे मिळाले. आंबूस वास येतो. काही रिळांत चार-पाच सेकंद चित्र, मग तेवढेच काळे, पुन्हा चित्र असे आहे. फिल्म जळली का? गावात प्रोजेक्टर आहे, लावून बघू का? (एक वाचक, देवगड)

उत्तर : प्रोजेक्टरला हात लावू नका. आणि काळे पट्टे असलेली रिळे टाकून देऊ नका, बहुधा तीच सगळ्यांत मोलाची आहेत.

१६ मिमीच्या दोन फ्रेममधली जागा इतकी अरुंद असते की फिल्म-सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रावणाने) केलेला जोड पडद्यावर दिसतो. म्हणून निगेटिव्ह कापताना शॉट एकाच रिळात सलग जोडत नसत. पहिला, तिसरा, पाचवा शॉट ‘ए’ रिळात, दुसरा, चौथा, सहावा ‘बी’ रिळात, आणि मधल्या जागी तेवढ्याच लांबीचा काळा लीडर, म्हणजे चित्र नसलेली पट्टी. दोन्ही रिळे एकाच पॉझिटिव्हवर पाठोपाठ छापली की अखंड चित्र मिळे. डिझॉल्व्हही (एक दृश्य विरत दुसरे उमटणे) याच पद्धतीने करत. म्हणजे ‘ए’मध्ये जिथे काळे, तिथले चित्र ‘बी’मध्ये आहे. दोन्ही रिळांची लांबी सारखी असते आणि सुरुवातीच्या लीडरवर बहुधा ‘१ए’, ‘१बी’ असे हाताने लिहिलेले असते. जोड्या लावून ठेवा.

यातून आणखी एक गोष्ट निघते. निगेटिव्ह कापायला देतात ते संकलन पक्के झाल्यावर. तेव्हा तुमच्या घरात म्हणतात तसा हा चित्रपट अर्धवट राहिलेला दिसत नाही. निदान चित्रापुरता तो पुरा झाला होता, आणि अडला असेल तर पुढे, आवाजाच्या किंवा छपाईच्या पैशांवर. ध्वनीचे काय मिळते ते म्हणून नीट बघा. तपकिरी रंगाची, छिद्रे असलेली चुंबकीय फिल्म, पाव इंची टेप, किंवा चित्र अजिबात नसून कडेला नुसती नागमोडी रेघ असलेली फिल्म यांपैकी काहीही सापडले तर ते चित्राइतकेच महत्त्वाचे.

रीळ कसले आहे हे पहिल्या दोन हातांवरून कळते. रंगीत निगेटिव्हवर नारिंगी झाक असते. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चेहरे काळे आणि केस पांढरे दिसतात. रंग सरळ, पण जागोजाग पारदर्शक टेपचे जोड आणि मेणपेन्सिलीच्या खुणा असतील तर ती संकलकाने वापरलेली कामाची प्रिंट. चित्र सरळ आणि कडेला ध्वनीची रेघ असेल तर तयार प्रिंट. ती गुलाबी-लाल पडली असेल तर घाबरू नका, त्या काळच्या रंगीत पॉझिटिव्हमधला निळसर-हिरवा रंग आधी उडतो. स्कॅन करताना त्यातले बरेच परत मिळवता येते.

आता वास. त्या काळच्या फिल्मची प्लास्टिक पट्टी अ‍ॅसिटेटची. उष्णता आणि दमट हवेने अ‍ॅसिटेट विघटते आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलेच, बाहेर पडते. ते आम्ल उरलेल्या फिल्मचे विघटन आणखी वेगाने करते, आणि शेजारच्या चांगल्या डब्यालाही पोचते. चुंबकीय फिल्मवरच्या लोहामुळे हे अधिकच लवकर होते, म्हणून ती रिळे वेगळ्या खोलीत ठेवा. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर ताज्या अ‍ॅसिटेटला वास सुटायला सुमारे ४० वर्षे लागतात असा अमेरिकेतल्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटचा हिशेब आहे. कौलांखालचा माळा, मे महिना आणि मग चार महिने ८० टक्क्यांच्या वरची हवा हे गणित त्यात बसत नाही. याच संस्थेच्या, आम्ल दाखवणाऱ्या ‘ए-डी’ पट्ट्या मिळतात. एका डब्यात एक निळी पट्टी ठेवून झाकण लावायचे आणि घरच्या तापमानाला २४ तासांनी बघायचे. निळी राहिली तर उत्तम. हिरवी होऊन पिवळीकडे झुकली, म्हणजे सोबतच्या रंगतक्त्यावर दीडच्या पुढे गेली, तर विघटन आपोआप वेग घेण्याच्या टप्प्यावर आले. पूर्ण पिवळी झाली तर ते रीळ रांगेत सगळ्यांत पुढे घ्या.

डबा उघडण्याआधी झाकणाचा आणि कडेचा फोटो काढा. त्यावरचे चिटोरे, लॅबचा क्रमांक, खडूची खूण हीच पुढे ओळख ठरते. झाकण अडकले असेल तर कडेने लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत फिरवा. रॉकेल किंवा गंज काढायचा फवारा चालणार नाही. काम पडवीत, सावलीत, वारा असलेल्या जागी करा, नायट्राइलचे हातमोजे आणि बुरशीसाठी एन-९५ मास्क लावून. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायचा मोह आवरा. बुरशी चित्र धरून ठेवणारे जिलेटिन खाते आणि उरलेले पाण्यात विरघळेल असे करून ठेवते. पुसाल तर चित्रच फडक्यावर येईल.

प्रोजेक्टर का नको ते मोजून बघता येते. विघटणारी फिल्म आक्रसते आणि तिची छिद्रे प्रोजेक्टरच्या दातांशी जुळत नाहीत. एक मीटरची पोलादी पट्टी घ्या आणि फिल्म न ताणता तिच्यावर १०० फ्रेमची लांबी मोजा. १६ मिमी प्रिंट असेल तर ती ७६२ मिमी भरायला हवी, निगेटिव्ह असेल तर साडेसातशे अधिक साडेदहा, म्हणजे ७६०.५. साधारण ०.८ टक्के घट, म्हणजे सहा मिमी कमी भरली, की दातांवर चढवायची नाही. अशी फिल्म दातांऐवजी रोलरवर चालणाऱ्या स्कॅनरवरच जाते.

तुमच्याकडे चित्रपटाचा किती भाग आहे याचाही अंदाज घेता येईल. १६ मिमीच्या एका फुटात ४० फ्रेम असतात आणि मिनिटाला ३६ फूट जातात. ४०० फुटांचे रीळ ११ मिनिटांचे, दोन इंची गाभ्यावर गुंडाळले तर व्यास साधारण १६ सेंमी. एकशे दहा मिनिटांच्या चित्रपटाला जवळपास ४,००० फूट, म्हणजे अशी दहा रिळे लागतात. ‘ए’ आणि ‘बी’ मिळून वीस. अकरा डब्यांत सगळे ‘ए-बी’च असेल तर साधारण निम्मा चित्रपट हाती आहे आणि उरलेला दुसरीकडे कुठेतरी असणार. कुठे, ते पुढच्या एका उत्तरात आहे.

प्रश्न : डबे मिळाले, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात न्यायला दिवाळी उजाडेल. तोवर फ्रीजमध्ये ठेवू का? (गुहागर)

उत्तर : मासळी आणि कोथिंबिरीसोबत, दिवसाला दोनदा वीज जाणाऱ्या घरात, नको. वीज गेली की फिल्मवर दव धरते, आणि गारव्याने साधते त्याहून ओलीने जास्त बिघडते. माळ्यावरून खाली आणा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सोडून घरातली सगळ्यांत थंड, कोरडी खोली निवडा. डबे आडवे ठेवा, भिंतीला टेकवू नका, जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. गंजका डबा बदलून हवा खेळती राहील असा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले तर आम्ल आतच कोंडते. सिलिका जेल भरपूर घालून फिल्म खडखडीत वाळवली तर ती ठिसूळ होते, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : वडील एका चित्रपटाचे भागीदार निर्माते होते. मुंबईत एक-दोन खेळ झाले, मग चित्रपट कोणालाच दिसला नाही. घरी डबे नाहीत, कागदांची एक पिशवी आहे. शोध कुठून सुरू करू? (कणकवली)

उत्तर : पिशवीपासूनच. डबे असलेल्या घरापेक्षा कागद असलेल्या घराला चित्रपट मिळण्याची शक्यता कधी कधी जास्त असते, कारण निगेटिव्ह सहसा निर्मात्याच्या घरी नसायचेच. ते लॅबमध्ये राहायचे. धुलाई आणि छपाईचे बिल थकले की लॅब ते सोडत नसे. दुसरीकडे निर्मात्याने सावकाराकडून किंवा बँकेकडून कर्ज काढलेले असे, आणि तारण म्हणून लॅबकडून लेखी घेतलेले असे की सावकाराच्या संमतीशिवाय निगेटिव्ह किंवा प्रिंट बाहेर जाणार नाही. याला ‘लॅब लेटर’ म्हणत. चित्रपट चालला तर सगळे फिटायचे. चालला नाही तर निर्माता मुंबईकडे फिरकत नसे, लॅब नवी प्रिंट काढत नसे, आणि असलेल्या एक-दोन प्रिंट घासून संपत. कोकणातले बरेच छोटे चित्रपट पावसाने किंवा बुरशीने नव्हे, अशा थकलेल्या बिलाने गेले आहेत.

तेव्हा पिशवीत आधी लॅब लेटर, लॅबचे चलन आणि बिल शोधा. त्यावरचा जॉब क्रमांक आणि चित्रपटाचे त्या वेळचे नाव टिपून घ्या. चित्रीकरणाच्या वेळी नाव एक आणि प्रदर्शनाच्या वेळी दुसरे असे सर्रास होई, आणि डब्यावर बहुधा पहिलेच राहिलेले असते. कधी कधी नुसते बॅनरचे नाव असते. मुंबईतल्या बहुतेक लॅब डिजिटल आल्यावर बंद झाल्या. पण बंद पडलेल्या लॅबचे डबे म्हणजे भंगार, असे लगेच धरू नका. बेवारशी साठे संग्रहालयांकडे गेल्याचीही उदाहरणे आहेत.

दुसरा कागद सेन्सॉर प्रमाणपत्राचा. त्यावर अर्जदार आणि निर्माता, भाषा, फिल्मची रुंदी, रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी असते. कापायला लावलेला भाग असेल तर त्याची नोंदही. १६ मिमीला मिनिटाला सुमारे ११ मीटर आणि ३५ मिमीला २७.४ मीटर धरा. उद्या कुठे प्रिंट मिळाली तर ती पूर्ण आहे का हे या आकड्यावरूनच ठरते. प्रमाणपत्र ३५ मिमीचे आणि वडील म्हणत शूटिंग १६ वर झाले, असे असेल तर त्यात विसंगती नाही. थिएटरसाठी १६ वरून ३५ वर ‘ब्लो-अप’ करत. मग मध्ये एक ३५ मिमीचे निगेटिव्हही तयार झालेले असते. म्हणजे शोधायच्या वस्तू दोन झाल्या.

मग पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ साली स्थापन झालेली ही संस्था २०२२पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन आहे. पत्र लिहिताना नुसते चित्रपटाचे नाव देऊ नका. दोन्ही नावे, बॅनर, निर्माता, दिग्दर्शक, छायाचित्रकार, वर्ष, रुंदी, लांबी, लॅबचा जॉब क्रमांक असे सगळे एका पानावर द्या. मुंबईत २०१४ साली सुरू झालेली फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही बिगरसरकारी संस्थाही जतनाचे काम करते. राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रवेशिका पाठवली होती का, दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागत त्यात लागला होता का, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. यातल्या प्रत्येक ठिकाणी वेगळी प्रत गेलेली असू शकते.

आणि परदेशी महोत्सव विसरू नका. ‘घाशीराम कोतवाल’ हा १९७६चा, तरुणांच्या सहकारी गटाने बँकेच्या कर्जावर केलेला चित्रपट इथे दुर्मिळ झाला होता. बर्लिनच्या महोत्सवात गेलेली प्रत तिथल्या आर्सेनल संस्थेने सांभाळली म्हणून तो आज बघता येतो. महोत्सवाला पाठवलेली प्रिंट परत आणायचे भाडे परवडत नाही म्हणून तिथेच राहिली, तर कधी कधी तेच पथ्यावर पडते.

प्रश्न : आमच्या गावात चित्रित झालेल्या एका जुन्या चित्रपटाची घासलेली व्हिडिओ कॅसेट आहे. एकाच प्रसंगात समुद्र कधी माडांना टेकलेला, कधी लांब मागे. सडा (गावावरचे कातळाचे पठार) एका शॉटमध्ये हिरवागार, पुढच्यात पिवळा. ओठ आणि संवाद जुळत नाहीत, आणि बोलणारे आमच्या गावचे वाटतच नाहीत. दिग्दर्शक कच्चा होता का? (शिक्षक, हर्णै)

उत्तर : दिग्दर्शकाचे माहीत नाही, पण तुम्ही सांगता त्या चारही गोष्टी पैसे आणि अंतर यांच्या आहेत.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. समजा पुळणीवरचा प्रसंग सोमवारी सकाळी आठला ओहोटीत सुरू केला आणि पुरा झाला नाही. पुढच्या सोमवारी आठला तिथे जवळपास पूर्ण भरती असणार. तीच ओहोटी त्याच उन्हात हवी तर पंधरा दिवस थांबावे लागते. किनाऱ्यावरच्या माणसाचा हिशेब सोपा आहे : तिथीच्या पाऊणपट तास बाराच्या पुढे धरले की पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. बंदरागणिक तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितके चढते-उतरते तितके अष्टमीच्या भांगेला नाही. तेव्हा वेळ जुळवली तरी पाण्याची रेघ जुळेलच असे नाही. खलाशाला विचारून तारखा लावणारे युनिट यातून सुटते. पण नट मुंबईहून येणार, त्याची तारीख त्याच्या नाटकांच्या प्रयोगांवर ठरणार, आणि कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणलेला. पंधरा दिवस थांबायचे कोणाच्या खर्चाने?

सड्याचेही तेच. गवत नवरात्रापर्यंत हिरवे असते, दिवाळी उलटली की पिवळे पडते. हिरव्यानंतर लगेच पिवळा सडा दिसला तर मध्ये पैसे संपून काम थांबले होते असे समजा. काळजीपूर्वक बघितले तर नटाच्या केसांतही फरक सापडेल.

किंवा शॉट पुन्हा घ्यावा लागला असेल. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ साली. त्याआधी चित्रित झालेले निगेटिव्ह रात्रीच्या एसटीने मुंबईला जायचे आणि रशेसचा, म्हणजे धुऊन काढलेल्या पहिल्या प्रिंटचा, निरोप यायला आठवडा सहज लागायचा. पुळणीवरचा एक वाळूचा कण कॅमेऱ्याच्या गेटमध्ये (फिल्म सरकते त्या चौकटीत) बसला की अख्ख्या रिळावर उभा ओरखडा येतो, आणि ते कळायचे तेव्हा युनिट दुसऱ्या गावाला गेलेले असायचे. कच्ची फिल्म थंडीतून काढून लगेच उघडली तर दमट हवेचे पाणी तिच्यावर धरते. १६ मिमीला तासभर, ३५ला तीन तास बंद डब्यातच गरम होऊ द्यावे लागते. आणि चित्रित झालेली फिल्म मे महिन्यात बसच्या टपावर गेली तर सावल्या राखाडी, रंग मळकट. तुमच्या कॅसेटमध्ये काही प्रसंग धुरकट दिसत असतील तर सगळा दोष कॅसेटचा नसेल.

संवादांचे कारण कॅमेरा. स्वस्तात भाड्याने मिळणारा अ‍ॅरी टू-सी शिवणयंत्रासारखा आवाज करायचा, त्यात लाटा आणि वारा. म्हणून जागेवर फक्त मार्गदर्शक ध्वनी घ्यायचा आणि मुंबईत डबिंग करायचे. बॅटरी उतरली की कॅमेऱ्याची गतीही उतरते. २४ऐवजी २३ फ्रेमने दहा सेकंद घेतले तर पडद्यावर ते साडेनऊ सेकंदांत संपतात, आणि ओठ पुढे पळतात. डबिंगला गावच्या माणसांना मुंबईला नेऊन आठ दिवस ठेवायचे तर राहणे, जेवण, बुडालेली मजुरी. ते परवडले नाही की जवळच्या नाटकवाल्यांकडून मालवणी बोलून घेतले जाई. तुमच्या गावकऱ्यांचे आवाज बदलले ते असे. हीच त्या काळच्या चित्रपटांची सगळ्यांत मोठी हानी, असे आमचे मत. मूळ मार्गदर्शक टेप कुठे मिळाल्याच तर त्या फेकू नका. त्यात गावाची खरी बोली आहे.

कॅसेटही जपा. मूळ काहीच मिळाले नाही तर तीच एकमेव प्रत. एकदाच, चांगल्या यंत्रावर, बुरशी तपासून डिजिटल करून घ्या. पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

प्रश्न : रिळे आमच्याकडे आहेत म्हणजे चित्रपट आमचा का? यूट्यूबवर टाकू? (सावंतवाडी)

उत्तर : रीळ आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा पहिला मालक निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो, आणि त्याच्या मागे त्याचे वारस. भागीदारी असेल तर सगळ्या भागीदारांचे वारस, मग ते गावच्या घरावरून बोलत नसले तरी. मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, म्हणजे १९८४ला प्रदर्शित झालेल्याची २०४४अखेर. जनतेसमोर आलाच नाही तर ती मोजणी सुरूच झालेली नाही. मालक मेला किंवा सापडत नसेल तर कलम ३१-अ खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्जाची सोय आहे, पण ते वकिलाचे काम. संग्रहालयात डबे ठेवल्याने हक्क जात नाहीत, करारात तसे लिहून घ्या. तोवर यूट्यूबवर एक मिनिटाचा तुकडासुद्धा सगळ्यांच्या लेखी संमतीने टाका.

प्रश्न : आम्ही मित्रांनी मिळून मालवणीत डिजिटल चित्रपट केला. महोत्सवांत फिरला. आता तीन हार्ड डिस्कवर आहे. आमचाही असाच हरवेल का? (वेंगुर्ले)

उत्तर : फिल्मपेक्षा लवकर हरवू शकतो. माळ्यावर चाळीस वर्षे राहिलेल्या निगेटिव्हवर उजेडात धरले तर काहीतरी दिसते. खाऱ्या हवेत चार वर्षे न चालवलेली हार्ड डिस्क एखाद्या दिवशी फिरतच नाही, आणि वीज न देता ठेवलेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरतो.

तीन डिस्क एकाच कपाटात असतील तर ती एकच प्रत समजा. एक वेंगुर्ल्यात, एक मुंबई-पुण्याच्या घरी, तिसरी लिनिअर टेपवर (डेटा साठवायच्या चुंबकीय टेपवर) किंवा क्लाउडवर, आणि क्लाउडचे भाडे कोण भरणार ते नावानिशी ठरवून. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, प्रत्येक डिस्क चालवून फाइलींचे चेकसम (फाइल बिघडली का ते दाखवणारे आकडे) ताडून बघा. दर पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा.

काय ठेवायचे यात लोक जास्त चुकतात. थिएटरला दिलेला डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रोजेक्टरसाठीचा फाइलसंच, कुलूपबंद असेल तर त्याची किल्ली मुदतीनंतर उघडत नाही. स्टुडिओकडून कुलूप नसलेला डीसीपी मागून घ्या, तोही शेवटचे बिल देताना, नंतर नव्हे. त्यासोबत रंगसंस्करण झालेली, प्रोरेस किंवा डीपीएक्स या उच्च दर्जाच्या प्रकारातली मास्टर फाइल. दोन-के डीपीएक्समध्ये ११० मिनिटांना साधारण दोन टीबी लागतात, चार-केला आठ. संवाद, संगीत आणि परिणामध्वनी वेगवेगळ्या ट्रॅकवर. उपशीर्षकांची वेगळी मजकूर फाइल, कारण चित्रावर कोरलेली उपशीर्षके पुढे काढता येत नाहीत. संगीताचा करार, कलाकारांची संमतीपत्रे आणि सेन्सॉर प्रमाणपत्र यांचे स्कॅन त्याच फोल्डरमध्ये. फोल्डरच्या नावात ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘खरं फायनल’ असे प्रकार ठेवू नका. तारीख आणि लांबी लिहा, म्हणजे कोणती फाइल पडद्यावर गेली ते तुमच्या नसण्यातही कळेल.